आपल्या मापाचं दुसरं हेल्मेट

तीर्थरूप ताईस,

तुझ्या भोपळ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (खरं तर आडवं पडूनच घालणार होतो, पण मला परत उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरातले सगळे सध्या हेल्मेट घालून बसलेत, त्यांना खाली बघणं जड जातं. तेव्हा खुर्चीत बसून घातलेला गोड मानून घे.) इकडे सगळं ठीक. माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. तुझ्या भावजयीचा रक्तदाब माझ्यामुळे आहे आणि त्यावर अजून गोळी निघालेली नाही, असं तिचं म्हणणं. तुझे गुडघे कसे आहेत? डावा अजून जिन्यावर कुरकुरतो का? डोळ्यांत थेंब घालतेस, की बाटली नुसती शोभेला ठेवली आहेस? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललासच तर "ठेवते, दूध उतू चाललंय" म्हणून ठेवून देतेस. भाऊजी गेल्यापासून सकाळी करा, दुपारी करा, दिवेलागणीला करा, तुझ्याकडे दूध उतूच चाललेलं असतं. एकट्या बाईच्या घरात एवढं दूध येतं कुठून? परस्पर गोठा घातला असलास तर निदान कळव, म्हणजे आम्ही चहा तुझ्याकडेच घेऊ. पत्राचं बरं असतं. त्याला दुधाचं सांगता येत नाही. तू गॅस बंद करून येईपर्यंत ते टेबलावर तसंच पडून राहतं.

आधीच सांगून टाकतो, हे पत्र तुला आमच्याबरोबर बर्फावर चल म्हणून गळ घालायला लिहिलेलं नाही. तो विषय संपला. तुझं उत्तर आलं, "मला धरू नका. मी आता कशातच नाही." तुझ्या भाचीने ते एकदा मोठ्याने वाचलं, एकदा मनात वाचलं आणि फोन पालथा ठेवला. जावईबापूंनी तिथल्या हॉटेलातली तुझ्या नावची खोली अजून सोडलेली नाही, कारण महिनाअखेरपर्यंत सोडली तरी चालते म्हणतात. तो त्यांचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. मी लिहितोय ते फक्त हेल्मेटची हकीकत कळवायला, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. आपल्या घराण्याच्या डोक्यांचा आकार ठाऊक असलेलं तूच एक माणूस उरली आहेस.

तर झालं असं. आमच्या लेकीने आणि जावईबापूंनी ठरवलं की यंदा सगळ्यांनी मिळून स्कीइंगला जायचं. स्कीइंग म्हणजे पायांना लांबलचक फळ्या बांधायच्या आणि बर्फाच्या डोंगरावरून आपण होऊन घसरायचं. जे होऊ नये म्हणून आपण आयुष्यभर न्हाणीघरात रबरी चटई घातली, तेच करायला लोक रजा काढून जातात. (मी हे बोलून दाखवलं. "बाबा, तुम्ही नुसते बघायला या," असं उत्तर मिळालं. या वयात मला बहुतेक गोष्टींना नुसतं बघायलाच बोलावतात.) तिथल्या नियमाप्रमाणे बर्फावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट हवं, बघणाऱ्याच्यासुद्धा. आणि सुट्टीच्या दिवसांत वर डोंगरावर हेल्मेटांची मारामार असते, म्हणून इथूनच भाड्याने घेऊन जायची. जावईबापू पडले शिस्तीचे. त्यांनी फोनवरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फर्मान काढलं की प्रत्येकाने भुवयांच्या वर दोन बोटं, डोक्याचा घेर मोजून कळवावा, म्हणजे दुकानात आधीच सांगून ठेवता येईल.

आता डोकं मोजायचं म्हटल्यावर मला आईच आठवणार. टोपी विणायला घेतली की ती सुतळी घेऊन आपल्यामागे फिरायची, आठवतं? डोक्याभोवती सुतळी फिरवायची, जिथे टोक टेकेल तिथे गाठ. आधी तुझी गाठ, मग माझी. आणि दोन्ही गाठी दर वेळी एकाच जागी पडायच्या. तू हायस्कुलात, मी अजून अक्षरं गिरवतोय, आणि डोकी मात्र एका मापाची. आई सुतळीकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि पुटपुटायची की या पोराचं बाकीचं अंग मागाहून येतंय वाटतं. मग तू मला भोपळ्या म्हणायला लागलीस आणि तेच नाव कायम झालं. शाळेत खरं नाव पुकारलं की मी गप्पच बसायचो, मला वाटायचं दुसऱ्या कुणाला हाक मारतायत.

तर सांगायचं म्हणजे, मी घरभर सुतळी शोधली. हल्ली घरात सुतळी नसते, सगळं चिकटपट्टीत गुंडाळून येतं. शेवटी एका जुन्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि आईच्या पद्धतीने कामाला लागलो. भावजयीचं डोकं मोजलं, माझं मोजलं, लेकीचं, नातीचं, आणि जावईबापूंचंही, ते चहा पीत बसले असताना मागून जाऊन. छान ताणून मोजलं, कारण माप ढिलं घेऊ नये ही आईचीच शिकवण. मग नाडी पट्टीला लावून आकडे कळवले. भावजयीचं डोकं एखाद्या नारळाएवढं भरलं. ती म्हणाली, तुमच्या मनात माझ्या डोक्याबद्दल काय आहे ते मला लग्नापासून माहीत होतं, आज लेखी मिळालं. माझं स्वतःचं डोकं शाळकरी मुलाएवढं निघालं. मला शंका यायला हवी होती, पण उलट आनंदच झाला. वाटलं, उतारवयात माणसाची उंची कमी होते, तसं डोकंही उतरलं असेल.

ती नाडी इलॅस्टिकची होती. हे मला कळलं दुकानात, सगळ्यांसमोर.

दुकान म्हणजे एक लांबच लांब खोली. खाली रबरी चटया, भिंतीला छतापर्यंत बुटांची फडताळं, आणि हवेत ओल्या मोज्यांचा आणि फिनाईलचा मिळून एक वास. कोपऱ्यात बूट वाळवायचं यंत्र घुं घुं करत होतं. मालकीण धिप्पाड, केस आखूड कापलेली, आणि शब्द अगदी मोजून वापरणारी. तिने आमच्या नावाने काढून ठेवलेली हेल्मेटं एका ओळीत मांडली आणि आम्ही ती घातली. घातली म्हणजे काय, ठेवली. डब्यावर झाकण ठेवतात तशी. जावईबापूंचं तर शेंड्यावरून घरंगळून थेट बुटांच्या ढिगात गेलं. मालकिणीने सगळ्यांच्या डोक्यांवरून एक नजर फिरवली आणि मापं कुणी घेतली एवढंच विचारलं. तुझ्या भाचीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त माझ्यापासून दोन पावलं लांब सरकली. मी ती नाडी खिशातून काढून पुराव्यादाखल दाखवली, तर मालकिणीने ती दोन बोटांत धरली, ताणली आणि सोडली. ती टप्पकन माझ्या नाकावर बसली.

मग तिने पद्धतशीर टेप घेतली, नवी हेल्मेटं काढली आणि परीक्षा घेतली. पट्टा लावायचा, मागची चकती फिरवून घट्ट करायचं, आणि डोकं जोरात हलवायचं, आधी हो म्हटल्यासारखं, मग नाही म्हटल्यासारखं. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, त्याने स्वतंत्र मत मांडता कामा नये. (माझ्या डोक्यावर पहिलं नुसतं टेकलं, मी हो म्हणताना ते जागचं हललं नाही, नाही म्हणताना मात्र गरगर फिरलं. भावजय म्हणाली, बरोबरच आहे, नाही म्हणायची ह्यांच्या डोक्याला सवय कुठे आहे.) नातीच्या वेळी मी सुचवलं की पोर वाढत्या अंगाची आहे, एक माप मोठंच घ्या, आत कापूस भरू, पुढच्या वर्षी आयतं बसेल. आपले बूट, गणवेश, रेनकोट, काय आपल्याला घेतल्या वर्षी बसलं होतं? मालकिणीने माझ्याकडे असं काही पाहिलं की जावईबापू एकदम हातमोजे चाळायला लागले.

माझ्या डोक्याचं खरं माप टेपवर आलं, तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा जरा हलला. ती आत गेली, शिडी सरकवल्याचा आवाज आला, आणि एक धुळीने भरलेला खोका घेऊन बाहेर आली. म्हणाली, या मापाची दोनच ठेवते, फारसं कुणी मागत नाही. ताई, मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. एवढ्या मोठ्या दुकानात आपल्या घराण्यासाठी वेगळा खोका. एक घातलं, नेमकं बसलं. उगाच दुसरंही घालून पाहिलं, तेही नेमकं बसलं. आणि मग मी तसाच उभा राहिलो, एक डोक्यावर, एक हातात. कारण हातातलं कुणाच्या डोक्याचं आहे ते मला लगेच कळलं होतं.

आपल्या घरात एकच हेल्मेट होतं. बाबांचं, नारिंगी, उन्हाने विटून जर्दाळूच्या रंगाचं झालेलं, पट्टा तुटल्यावर बुटाच्या लेसने बांधलेलं. एक स्कूटर, वर चार माणसं, आणि हेल्मेट एक. मी पुढे उभा, तू बाबांच्या मागे, आई सगळ्यात शेवटी आडवी बसून अर्धी हवेत. आई म्हणायची की चालवणाऱ्याने घालावं, तो पडला तर सगळेच पडतील. बाबा म्हणायचे की मी हँडलला तरी धरून असतो, तुम्ही तर नुसते एकमेकांना धरून असता, तुम्हीच घाला. हा वाद फाटकाशी उभ्या उभ्या रोज व्हायचा आणि आपल्याला रोज उशीर व्हायचा. बरं, ते बसायचं सगळ्यांनाच. डोकं ही एकच इस्टेट आपल्या घरात सारखी वाटली गेली होती. शेवटी बाबांनी नियम केला की ज्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचं असेल, त्याने हेल्मेट घालायचं, म्हणजे पाठ केलेलं वाऱ्याने उडून जाणार नाही. ज्याची परीक्षा त्याचं हेल्मेट. इतिहासाच्या पेपरला तू ते घालून जायचीस आणि वर्गात शिरेपर्यंत काढायची नाहीस, सनावळ्या सांडतील म्हणून. मी गणिताला घालून गेलो आणि तरी आपटलो, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले की उडालं काहीच नाही, मुळात आत भरलंच नव्हतं.

पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्यांदा, मी ते घालायलाच तयार नव्हतो. आत अंधार होता, बाबांच्या तेलाचा वास होता, आणि सगळ्यांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटायचे. मला वाटलं, आपल्याला यात ठेवून सगळे निघून जाणार. मी फाटकाला मिठी मारून भोकाड पसरलं होतं. बाबा चिडले, आईने आमिषं दाखवली. तू काय केलंस आठवतं? ते माझ्या डोक्यावर ठेवलंस आणि लगेच बोटाने टकटक केलीस. कोण आहे घरात? मी रडका तर रडका, आतून ओरडलो, घरात कोणी नाही. तू म्हणालीस, मग बोललं कोण? मी विचार केला, केला, आणि हसायला लागलो. मग तू नियम सांगितलास की हसलं की घरातल्या माणसाने दार उघडून तोंड दाखवायचं. पुढे कितीतरी दिवस मी रुसलो की हेल्मेट घालून कोपऱ्यात बसायचो, आणि तू अभ्यास सोडून टकटक करायला येशील म्हणून वाट बघायचो. तू यायचीसच. एकदा ताप अंगात होता, तरी आलीस.

हे सगळं दुकानात उभ्या उभ्या आठवायचं कारण म्हणजे आमची नात, ठकू. तिने सगळ्या हेल्मेटांना एकजात नकार दिला होता. लाल नको, निळं नको, मांजराचे कान असलेलं तर मुळीच नको. आईने समजावलं, बापाने नियम वाचून दाखवला, आजीने डोळे मोठे केले. ठकू दोन्ही हातांनी डोकं धरून बाकाखाली जाऊन बसली. मालकिणीने स्वच्छ सांगितलं की हेल्मेट नाही तर बर्फ नाही, वर कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही. लेकीचं तोंड एवढंसं झालं. या सुट्टीची तिने वर्षभर वाट पाहिली आहे. आणि मला बाकाखालून तिची लेक काय म्हणत होती ते ऐकू येत होतं. ती म्हणत होती, आत गेल्यावर तुम्ही ऐकू येत नाही.

मी गुडघ्यांवर बसलो. (गुडघ्यांबद्दल नंतर बोलू.) माझं मोठं हेल्मेट मीच घातलं, तिच्यापुढे डोकं वाकवलं आणि म्हटलं, वाजव. तिने आधी नुसतं बोट लावलं. मग टकटक केली. मी तिला म्हटलं, विचार, कोण आहे घरात. तिने विचारलं. मी आतून म्हणालो, घरात कोणी नाही. आणि ताई, तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मग बोललं कोण?" दुकानात जेवढी माणसं होती तेवढी हसली, मालकीणसुद्धा, आणि मला मात्र हेल्मेट काढायला जरा वेळ लागला. मान खाली घालून आधी डोळे पुसायचे होते. मग ठकूने स्वतः निळं हेल्मेट ओढून घेतलं आणि माझ्यापुढे डोकं केलं. आता मी वाजवायचं होतं.

तेव्हापासून घरात दुसरं काही चालू नाही. मालकिणीने बजावलंय की निघण्याआधी घरी थोडा थोडा वेळ घालून बघा, कुठे टोचत असेल तर बदलून देते. ठकू हेल्मेटमध्येच जेवते आणि दर चार घासांनी सगळ्यांनी टकटक करावी लागते. भावजय हेल्मेट आणि बर्फाचा चष्मा घालून कांदा चिरते. म्हणते, एवढा सगळा संसार रडून कांदा चिरला, हा चष्मा मला आधी कुणी का सांगितला नाही. काल शेजारच्या बाई काहीतरी परत करायला आल्या. दार ठकूने उघडलं. आत आम्ही सगळे हेल्मेट घालून सोफ्यावर ओळीत बसून बातम्या बघत होतो. बाईंनी आमच्याकडे पाहिलं, बातम्यांकडे पाहिलं, हातातलं पातेलं हळूच उंबऱ्यावर ठेवलं आणि गेल्या. मी ऐकलं, त्यांनी आपल्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या.

आणि दुसरं मोठं हेल्मेट? ते जेवणाच्या टेबलावर, रिकाम्या खुर्चीसमोर आहे. ठकूने विचारलं की हे कुणाचं. मी म्हटलं, आत्याआजीचं, ही टकटक तिनेच काढली. मग तिला तुझ्या लग्नाची गोष्ट सांगितली. आधी मी नुसतं तू नवरी होऊन गेलीस एवढंच सांगत होतो, मग खरी सांगितली. तू निघालीस त्या दिवशी भाऊजी सामान घेऊन पुढे स्टेशनवर गेले होते, आणि बाबा हटून बसले की पोरीला मीच स्कूटरवरून सोडणार. तुझी नवी साडी, आईने तासभर खपून घातलेला अंबाडा, आणि बाबा फाटकाशी हातात ते नारिंगी हेल्मेट घेऊन उभे. आई ओरडली की केसांचा सत्यानाश होईल. बाबा एवढंच म्हणाले, "हिला आज सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचंय." तू डोकं पुढे केलंस आणि बाबांनी लेसची गाठ मारली. मी कोपऱ्यापर्यंत स्कूटरमागे धावलो. पुढचं बाबांनी परत आल्यावर सांगितलं, आणि नंतर मरेपर्यंत सांगत राहिले. स्टेशनवर भाऊजींनी आपल्या नव्या नवरीला हेल्मेटमध्ये येताना पाहिलं, घाबरले, आणि त्या गप्प गरीब माणसाने पुढे होऊन बोटाने हळूच टकटक केली. तू आतून म्हणालीस, घरात कोणी नाही. भाऊजी बिचारे बाबांकडे बघायला लागले. पुढचं वाक्य त्यांना ठाऊक नव्हतं ना! ते बाबांनी त्यांच्या कानात सांगितलं. बाबा म्हणायचे, पोरीचं कन्यादान कधी झालं असेल तर ते तेव्हा.

असो. फार झालं. मला एवढंच कळवायचं होतं की हेल्मेटं मिळाली, सगळ्यांची बसली. तुला बर्फावर यायचं नाही, तू येऊ नकोस. गुडघे सांभाळ, थेंब घाल. थोरांना नमस्कार लिहायचा तर आपल्यात आता थोर तूच उरलीस, तेव्हा तो वर घातलेलाच आहे. लहानांना आशीर्वाद लिहायचे तर तुझ्या घरात लहान कुणी नाही, ते खिडकीतल्या कुंड्यांना दे. 

तुझा धाकटा,
भोपळ्या

ता. क. खोली महिनाअखेरपर्यंत आहे, हे वर लिहिलं होतं का? लिहिलं असलं तरी परत लिहितो. खिडकी डोंगराकडे आहे आणि जिना नाही.

दुसरा ता. क. आपल्याला त्या फळ्या बांधायच्याच नाहीत. मी चौकशी केली आहे. तिथे दोन माणसांची घसरगाडी मिळते, लहान मुलांच्या उतारावर चालते, पायांना काही काम नसतं. एकाने पुढे बसायचं, दुसऱ्याने मागून त्याला धरायचं. मी पुढे बसेन, मला सवय आहे. तू मागे. बाबा नाहीत आणि आईही नाही, तेव्हा या वेळी हँडलला धरायला कुणी नाही, एकमेकांनाच धरावं लागेल. पण या वेळी हेल्मेटं दोन आहेत.

तिसरा ता. क. वर हेल्मेटं भाड्याची म्हणून लिहिलंय, ते थोडं खोटं आहे. बाकीची सगळी भाड्याची. टेबलावरचं मी विकत घेतलं, कुणाला न सांगता, कारण भाड्याचं परत करावं लागलं असतं. भावजयीला अजून माहीत नाही, तू कळवू नकोस.

चौथा ता. क. मला ठाऊक आहे तू का बाहेर पडत नाहीस. तुला वाटतं की घर सोडून चार दिवस हसलीस खेळलीस, तर भाऊजींचं जे जे लक्षात आहे ते वाऱ्यावर जाईल. ताई, म्हणून तर एवढं घट्ट हेल्मेट घेतलं. मी त्याची परीक्षा घेतली आहे. हो म्हटलं तरी हलत नाही, नाही म्हटलं तरी हलत नाही. आतलं काही सांडणार नाही. आणि खरं सांगू का, मला भोपळ्या म्हणणारं आता जगात तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तू तर फोनही उचलत नाहीस.

पाचवा आणि शेवटचा. हा माझा नाही, ठकूचा आहे. ती मांडीवर बसून सांगते आहे, हेल्मेटसकट, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय. तिला तुझं उत्तर वाचून दाखवलं, मी आता कशातच नाही, हे. मग तिने या कागदावर बोटाने दोनदा वाजवलं, आणि म्हणाली लिहा,

"आत्याआजी, मग लिहिलं कोण?"